साथीचे पहिले पंधरा दिवस घरात: कोणते काम आधी, कोणते नंतर

साथ पसरल्याची आणि घरातच थांबण्याच्या आदेशाची बातमी आली की बहुतेक घरांत पहिली धाव दुकानाकडे असते. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लांबलचक वेळापत्रक लागते आणि आजारी माणसाला कुठे ठेवायचे हा प्रश्न कुणाला तरी ताप चढल्यावर रात्री अकरा वाजता निघतो. हा क्रम नेमका उलटा आहे. २०२० च्या मार्चमध्ये डोंबिवलीतल्या आमच्या साडेचारशे चौरस फुटांच्या घरात पाच माणसे अडकली, तेव्हा मीही हेच केले होते. पण २०२५ च्या मे महिन्यात रुग्ण पुन्हा वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हाही आमच्या इमारतीत आधी सॅनिटायझरच्या बाटल्याच आल्या आणि घरातल्या वृद्धांच्या गोळ्या किती उरल्या आहेत हे कुणी पाहिले नव्हते.

पुढील टप्पे चार ते सहा माणसांच्या, एक-दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घरासाठी लिहिले आहेत. ते दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. घरात कोणताही नवा नियम करताना एक प्रश्न मात्र दर वेळी विचारावा: सगळे कंटाळलेले आणि दमलेले असताना, विसाव्या दिवशीही हा नियम पाळला जाईल का? उत्तर नाही असे आले, तर तो नियम पहिल्या दिवशीच सैल करावा. पहिल्या आठवड्यात कडक आणि दुसऱ्या आठवड्यात बेपत्ता, अशा नियमांनी कुणाचे रक्षण होत नाही.

तयारी: एक वही, एक संध्याकाळ

दोनशे पानी वही घ्यावी आणि ती सर्वांना दिसेल अशा जागी, फ्रिजवर किंवा देवघराशेजारी, पेनासह ठेवावी. मोबाइलमधली यादी चालत नाही, कारण ती एकाच माणसाच्या ताब्यात असते आणि तोच माणूस आजारी पडला तर बाकीच्यांना काहीच सापडत नाही. रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, आधार कार्डांच्या प्रती, आरोग्य विम्याची कागदपत्रे आणि सर्वांची औषधांची चिठ्ठी एकाच फाइलमध्ये आणावी. पहिल्या पानावर घरच्या डॉक्टरांचा, जवळच्या औषध दुकानाचा, इमारतीच्या सचिवांचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ हे क्रमांक आहेत. या सगळ्याला एक संध्याकाळ पुरते, आणि ती संध्याकाळ खरेदीच्या आधीची असावी.

टप्पा १: माणसे आणि त्यांच्या गोळ्या

१. वहीत प्रत्येकासाठी एक पान करावे. वय, रक्तगट, जुने आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि उपचार कोणाकडे चालू आहेत, एवढे त्यावर असावे.

२. रोज लागणाऱ्या प्रत्येक गोळीचे नाव आणि मात्रा लिहून, उरलेल्या गोळ्या हाताने मोजाव्यात. उरलेल्या गोळ्यांना रोजच्या गोळ्यांनी भागले की दिवस मिळतात. रक्तदाबाच्या १८ गोळ्या आहेत आणि रोज दोन लागतात, म्हणजे नऊ दिवस. ‘आहेत अजून बऱ्याच’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. वडीलधारी मंडळी बहुधा हेच सांगतात आणि डबा उघडला की निम्म्या पट्ट्या रिकाम्या निघतात.

३. ज्या औषधाचे दिवस पंधरापेक्षा कमी आहेत, ते खरेदीच्या यादीत सर्वांत वर जावे. एकूण तीस दिवस पुरेल इतके घ्यावे, त्याहून जास्त नाही. दमेकऱ्यांचा पंप आणि थायरॉइडच्या गोळ्या यांचा हमखास विसर पडतो. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. ते बर्फाच्या कप्प्यात गोठले तर फेकावेच लागते.

४. घराबाहेर राहणाऱ्या पण आपल्यावर विसंबलेल्या माणसांचे एक वेगळे पान करावे. गावाकडचे आईवडील, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आणि घरकामाला येणाऱ्या मावशी यांची नावे त्यावर असावीत. त्यांच्या फोनचे रिचार्ज कधी संपते हेही लिहावे. रिचार्ज करून देणारे दुकान बंद झाले की अशा माणसांशी संपर्कच तुटतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सावधान: साथीवरचे म्हणून ज्या औषधाचा बोलबाला होतो, ते स्वतःच्या मनाने आणून ठेवू नये. २०२० च्या मार्चमध्ये धास्तावलेल्या लोकांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन भरून ठेवले, आणि संधिवात व ल्युपसच्या ज्या रुग्णांना ते रोज लागते त्यांना दुकानामागून दुकाने पालथी घालावी लागली. अखेर २६ मार्चला केंद्र सरकारने त्याच्या विक्रीवर निर्बंध आणले.

टप्पा २: आदेश मूळ शब्दांत वाचणे

बातमीचा मथळा आणि आदेशाचा मजकूर यांत बरेच अंतर असते. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली. किराणा, दूध आणि औषधे चालूच राहणार होती, तरीही काही वेळातच दुकानांपुढे गर्दी झाली. ज्या गर्दीपासून लांब राहायचे होते तीच लोकांनी त्या रात्री जमवली.

म्हणून आपल्या महापालिकेचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मिळवून त्यातील तीनच गोष्टी वहीत उतरवाव्यात: काय उघडे आहे, किती वाजेपर्यंत, आणि कोणत्या कामासाठी परवानगी लागते. बातम्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, ठरावीक वेळी पाहाव्यात. दूरचित्रवाणी संच दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरांत पाचव्या दिवसापर्यंत लहान मुले रात्री दचकून उठू लागतात. हे मी आमच्याच मजल्यावर पाहिले आहे. व्हॉट्सॲपवर आलेला उपाय कुटुंबाच्या गटात टाकण्यापूर्वी तो कोणत्या सरकारी खात्याने प्रसिद्ध केला आहे ते शोधावे. सापडले नाही, तर तो तेथेच थांबवावा.

टप्पा ३: घराची मांडणी

खरेदी अजूनही नाही. आधी जागा ठरवावी, कारण सामान आल्यावर जागा ठरवता येत नाही.

दारापाशी. उंबरठ्याच्या आत दीड-दोन हात जागा रिकामी करावी. तेथे चपलांसाठी रॅक, बाहेरून आलेली पिशवी ठेवण्यासाठी एक स्टूल आणि धुतलेल्या मास्कसाठी खुंटी असावी. मोरी किंवा बेसिन दारापासून दूर असेल, तर आलेल्या माणसाला वाटेत कशालाही हात न लावता तेथपर्यंत जाता येईल अशी वाट मोकळी करावी. साबण पुरेसा आहे. सॅनिटायझर हा साबण-पाणी नसेल तेथील पर्याय आहे, तो निदान ६० टक्के अल्कोहोलचा असावा आणि गॅसच्या ओट्याजवळ किंवा देवघराजवळ कधीही ठेवू नये. हाताला लावल्या लावल्या काडी पेटवणाऱ्यांचे हात भाजतात.

खिडकीपाशी. पहिल्या दिवसांत सर्वांना भीती असते ती पिशव्यांची, नोटांची आणि दाराच्या कड्यांची. कोविडबाबत पुढे स्पष्ट झाले की वस्तूंना हात लावण्यातून होणारा प्रसार तुलनेने फार थोडा असतो आणि बंद, कोंदट जागेत एकमेकांच्या श्वासातून होणारा प्रसार खरा धोक्याचा असतो. आम्ही तेव्हा दुधाच्या पिशव्या धुण्यात अर्धा तास घालवत होतो आणि रस्त्यावरून जंतू येतील म्हणून खिडक्या लावून बसत होतो. श्वासातून पसरणारी साथ असेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा एक खिडकी आणि एक दार दिवसाचा बराच वेळ उघडे ठेवावे. दोन्ही उघडता येत नसतील, तर स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवावा.

आजाऱ्याची जागा. घरात कुणी आजारी पडले तर तो कोठे झोपेल, हे आज सर्वांसमोर ठरवावे. शक्यतो खिडकी असलेली आणि शौचालयाला जवळची खोली निवडावी. एकच खोली असेल, तर खिडकीकडचा कोपरा ठरवून, बाकीचे स्वयंपाकघरात कसे झोपतील हे एकदा गाद्या घालून पाहावे. हे नाटक वाटेल. पण हीच तालीम न केल्यामुळे पुढे मध्यरात्री कपाटे सरकवावी लागतात.

तपासणी: बाहेरून आल्याचे नाटक करून एकाने दारातून मोरीपर्यंत चालत जावे आणि वाटेत किती वस्तूंना हात लागला ते दुसऱ्याने मोजावे. दोनपेक्षा जास्त झाल्या, तर वाट पुन्हा मोकळी करावी.

टप्पा ४: शिधा

आता खरेदी. यादी दुकानात उभे राहून सुचेल तशी करू नये. ती घरातल्या डब्यांवरून करावी.

१. डबे उघडून काय किती शिल्लक आहे ते लिहावे. बऱ्याच घरांत आठ दिवसांचे सामान आधीच असते आणि तरीही ते पुन्हा आणले जाते.

२. खप मोजावा. आमच्या घरी मध्यम आकाराच्या पोळ्या किलोला साधारण ३० ते ३५ होतात. पाच माणसांच्या दोन वेळच्या मिळून २४ पोळ्या लागतात, म्हणजे रोज पाऊण किलो कणीक आणि चौदा दिवसांना साडेदहा किलो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर आणि चहा यांचा हिशेब असाच करावा. मोजायला आकडा नसेल, तर प्रत्येक नव्या पुड्यावर तो उघडल्याची तारीख लिहायला आजपासून सुरुवात करावी. एक पुडा संपला की आकडा आपोआप हाती येतो.

३. चौदा दिवसांचे घ्यावे. महिन्याचे भरले तर मार्च-एप्रिलच्या उकाड्यात रव्यात अळ्या होतात, शिवाय मागून येणाऱ्याला दुकानात काही उरत नाही.

४. धान्य आणि पीठ यांचा मेळ घालावा. पोतेभर गहू घरात असला आणि गिरणी बंद असली, तर उपयोग शून्य. दहा दिवसांची कणीक दळून ठेवावी. बाजरीचे पीठ मात्र इतके दिवस ठेवू नये, ते लवकर कडू होते. ज्वारीचेही ताजे असेल तेव्हाच भाकरी नीट थापली जाते.

५. भाजीचा क्रम लावावा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, वांगी-भेंडी-गवार पुढच्या तीन-चार दिवसांत, कोबी आणि गाजर त्यानंतर, आणि लाल भोपळा, सुरण, कांदे-बटाटे शेवटी. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात. मटकी, मूग आणि हरभरे आठवड्यातून तीन वेळा भिजत घातले, तर भाजीसाठी बाहेर पडण्याच्या फेऱ्या निम्म्या होतात. पिठले, कुळथाची पिठी, वरण-भात आणि मेथकूट यांनी भाजीशिवायचे दोन दिवस सहज निघतात, फक्त ते दोन दिवस आधी ठरवलेले असावेत, म्हणजे ताटावर कुरकुर होत नाही.

६. खाण्याबाहेरची यादी वेगळ्या पानावर लिहावी. सॅनिटरी पॅड, बाळाचे दूध, डायपर, भांड्यांचा साबण, माचिस, पंख्याच्या रिमोटचे सेल आणि मोबाइलची जादा चार्जिंग वायर. चष्मा एकच असेल तर त्याची मोडकी दांडी आजच बसवून घ्यावी. सॅनिटरी पॅड तर सरकारी यादीतूनही सुटले होते. ते जीवनावश्यक वस्तूंत मोडतात असे केंद्राला २९ मार्च २०२० रोजी वेगळे स्पष्ट करावे लागले.

७. गॅसचे सिलिंडर केव्हा लावले ती तारीख सिलिंडरवरच खडूने लिहावी. सगळे घरी असले की ते नेहमीपेक्षा लवकर संपते, कारण चहाच दिवसातून पाच वेळा होतो.

सावधान: भाज्या आणि फळे वाहत्या, स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. त्यांवर भांड्यांचा साबण, सॅनिटायझर किंवा जंतुनाशक वापरू नये. ते पोटात जाते. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणेही तितकेच चुकीचे आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याविरुद्ध लेखी सूचना काढली, तरी अनेक इमारतींच्या दारांत फवाऱ्याच्या कमानी पुढे कितीतरी दिवस उभ्या होत्या.

टप्पा ५: बाहेर जाणे आणि परत येणे

घरातील एकच माणूस बाहेर जाईल असे ठरवावे. तो धडधाकट असावा आणि आठवड्यातून दोन ठरावीक दिवशीच त्याने जावे. यादी दुकानाच्या मांडणीनुसार लिहिली तर आतला वेळ कमी होतो. मास्क नाक, तोंड आणि हनुवटी झाकेल असा घट्ट बसला पाहिजे. बोलताना तो हनुवटीवर ओढणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, कारण समोरच्याशी बोलतानाच त्याची खरी गरज असते.

परत आल्यावरचा क्रम असा:

१. चपला रॅकवर, पिशवी स्टुलावर.
२. साबणाने निदान २० सेकंद हात धुणे, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसह.
३. मास्क कानांमागच्या दोऱ्यांना धरून काढणे, समोरच्या भागाला हात न लावता. कापडी मास्क थेट साबणाच्या पाण्यात टाकणे.
४. पुन्हा हात धुणे.
५. मोबाइल पुसणे.
६. मग पिशवीतील सामान लावणे आणि ते लावून झाल्यावर शेवटचे एकदा हात धुणे.

पहिल्या आठवड्यात लोक प्रत्येक फेरीनंतर डोक्यावरून अंघोळ करतात, सगळे कपडे उकळत्या पाण्यात टाकतात आणि वाटाण्याच्या शेंगाही एकेक पुसतात. दहाव्या दिवशी हे सगळे एकदमच सुटते आणि त्याबरोबर हात धुणेही सुटते. विसाव्या दिवसाचा प्रश्न येथे कठोरपणे विचारावा: परत आल्यावरच्या वरच्या सहा पायऱ्या टिकतात, अंघोळ टिकत नाही.

टप्पा ६: घरकामाची वाटणी

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण टाळेबंदीत बिघडलेली बहुतेक घरे येथेच बिघडली. मावशींना सुट्टी दिल्यावर कामे वाढतात, सगळे घरी असल्याने पसारा वाढतो, आणि ठरवून काही केले नाही तर हा सगळा भार घरातल्या एका बाईवर जातो. बाकीचे ‘मदत’ करतात. मदत हा शब्दच वहीतून खोडावा. मदत म्हटली की काम तिचे राहते, ते सांगायचे तिने, आठवण करायची तिने आणि नीट झाले नाही तर पुन्हा करायचे तिनेच.

आधी एक पूर्ण दिवस कामांची नुसती नोंद करावी. ज्याला जे काम होताना दिसेल त्याने ते लिहावे, कितीही क्षुल्लक असो. पाणी भरणे, दूध तापवणे, विरजण लावणे, डाळ भिजत घालणे, ओटा पुसणे, कचऱ्याचे ओले-सुके वेगळे करणे, वाळलेले कपडे घड्या घालून ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवणे, आजोबांना दुपारची गोळी देणे, आणि संध्याकाळी काय करायचे हे ठरवणे. हे शेवटचे काम कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, आणि तेच सर्वांत दमवणारे असते.

मग वाटणी. प्रत्येक काम पूर्णपणे एकाच्या नावावर करावे. ‘भांडी’ म्हणजे ताटे उचलण्यापासून खरकटे काढणे, घासणे, निथळणे, मांडणीत लावणे आणि मोरी धुणे हे सर्व. फक्त घासून ओल्या भांड्यांचा डोंगर ओट्यावर ठेवला तर ते काम झाले असे धरू नये. दहा वर्षांवरील मुलांनाही एक पूर्ण काम द्यावे. आजी-आजोबांनाही द्यावे: बसून करता येणारे, उदाहरणार्थ भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या. त्यांना काम न देणे हा मान नव्हे, त्यांचा दिवस त्यामुळे अधिकच लांबतो. कार्यालयाचे काम घरून करणाऱ्यांनी ‘माझी मीटिंग आहे’ हे कारण वाटणीतच आणावे, ऐनवेळी नाही. मीटिंगच्या वेळा आदल्या रात्री वहीत लिहिल्या असतील, तर कुकर केव्हा लावायचा हेही ठरवता येते.

वाटणी चार दिवस तशीच ठेवून पाचव्या दिवशी बदलावी. कामाच्या दर्जावरून पहिले चार दिवस कुणीही बोलायचे नाही, हा नियम सर्वांसमोर मान्य करून घ्यावा. जाडजूड पोळ्यांवरून झालेल्या एका टोमण्याने हातातले लाटणे कायमचे खाली ठेवलेला मनुष्य आमच्याच घरात आहे, आणि तो मीच.

स्वयंपाकघर बंद होण्याची वेळ ठरवावी. दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर ओट्यावर काहीही शिजणार नाही. भूक लागली तर चिवडा, शेंगदाणे-गूळ किंवा फळ आपापले घ्यावे आणि वाटी आपापली धुवावी. समाजमाध्यमांवर पाहिलेला नवा पदार्थ करायचा असेल त्याने तो जरूर करावा, मात्र भांडीही त्यानेच घासावीत. ही अट घातल्यावर आमच्याकडे फेसाळ कॉफीचा उत्साह दोन दिवसांत ओसरला.

मावशींना घरी थांबायला सांगितले असेल, तर त्या महिन्याचा पगार नेहमीच्या तारखेला पोचवावा. त्यांचे बँक खाते किंवा त्यांच्या मुलाचा फोन क्रमांक टप्पा १ मधील पानावर आताच लिहून घ्यावा. ‘त्या आल्या की देऊ’ याचा अर्थ त्यांच्या घरात तोपर्यंत काही नाही असा होतो.

तपासणी: घरातली सर्वांत जास्त राबणारी व्यक्ती दिवसात सलग एक तास, दार लावून किंवा गॅलरीत, काही न करता बसू शकते का? नाही, तर वाटणी चुकली आहे.

टप्पा ७: दिवसाच्या तीन खुंट्या

पहाटे योगासने, मग नवी भाषा, मग वाचन असे तासातासाचे वेळापत्रक लावू नये. दिवसाला तीनच खुंट्या पुरतात: उठण्याची वेळ, दुपारच्या जेवणाची वेळ आणि दिवे मालवण्याची वेळ. या तीन हलू देऊ नयेत. मधले सारे हलले तरी चालते. पहिल्या आठवड्यात रात्री एक वाजेपर्यंत जागणे सुट्टीसारखे गोड वाटते, आणि दहाव्या दिवशी सगळे घर दुपारी अकराला उठून एकमेकांवर खेकसत असते.

कार्यालयाचे काम शक्यतो पलंगावर बसून करू नये. टेबल नसेल, तर शिवणयंत्राचे पाट किंवा इस्त्रीचे टेबल चालते. लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी. मोबाइल एक आणि ऑनलाइन शाळेत जाणारी मुले दोन असतील, तर दोघांच्या तासांचे कागद शेजारी शेजारी ठेवून कोणते तास आदळतात ते पाहावे आणि शिक्षकांना आधीच कळवावे. वृद्धांचा सकाळचा फेरफटका बंद झाला की त्यांचे गुडघे आणि रक्तातली साखर दोन्ही बिघडतात. त्यांना गॅलरीत किंवा घरातल्या घरात दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या घालायला लावाव्यात, तेवढ्या वेळेपुरते वाटेतले स्टूल आणि सतरंजी उचलून.

टप्पा ८: पैसे

हा टप्पा छोटा आहे, पण चूक महाग पडते. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, तेव्हा अनेकांनी ती माफी समजून घेतली. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. हप्ता भरण्याइतके पैसे हाती असतील, तर अशी सवलत घेऊ नये. हप्ता पुढे ढकलून देतो असे सांगून फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तो कदापि देऊ नये. बँक ओटीपी विचारत नाही. घरात दहा-बारा दिवसांच्या भाजी-दुधापुरते सुटे पैसे ठेवावेत.

टप्पा ९: कुणी आजारी पडल्यास

ताप, खोकला किंवा साथीचे सांगितलेले लक्षण दिसले, तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता त्याच तासाला पुढील कामे करावीत.

१. आजारी व्यक्तीला टप्पा ३ मध्ये ठरवलेल्या जागी न्यावे, खिडकी उघडावी आणि तिने व तिच्याजवळ जाणाऱ्याने मास्क लावावा.

२. सेवा करणारा एकच ठरवावा. तो वृद्ध नसावा आणि त्याला स्वतःला मधुमेह वा दमा नसावा.

३. डॉक्टरांना फोन करावा आणि त्यांनी सांगितलेले वहीत त्याच क्षणी लिहावे.

४. ताप दिवसातून चार वेळा मोजून वेळेसह लिहावा. श्वसनाचा आजार असेल, तर ऑक्सिमीटरने प्राणवायूही मोजावा. त्यासाठी पाच मिनिटे शांत बसावे, हात गार असतील तर चोळून ऊब आणावी, नेलपॉलिश काढावे, मधले किंवा अंगठ्याजवळचे बोट घालावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत हलू नये. घाईने घेतलेला पहिलाच आकडा लिहिणे ही येथील नेहमीची चूक आहे. कोविडमध्ये ९४ च्या खाली स्थिर राहिलेला आकडा हा डॉक्टरांना ताबडतोब कळवण्याचा इशारा होता. धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे किंवा भ्रम झाल्यास आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

५. शौचालय एकच असेल, तर आजारी व्यक्तीने शक्यतो सर्वांच्या शेवटी जावे. नंतर खिडकी उघडी ठेवून नळ, कडी आणि बैठक पुसावी. सोडियम हायपोक्लोराइटचे (द्रव ब्लीचचे) १ टक्क्याचे द्रावण त्यासाठी वापरतात: बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल, तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी.

सावधान: हे द्रावण संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

भांडी साबण-पाण्याने धुतली की स्वच्छ होतात. ती फेकण्याची किंवा कायमची वेगळी करण्याची गरज नाही. शेजाऱ्यांपासून आजार लपवू नये. ते काय बोलतील या धास्तीने दूध-भाजी आणून देणारा एकमेव शेजारीही आपणच गमावतो.

पंधराव्या दिवशी

सगळ्यांनी वही घेऊन अर्धा तास बसावे. पाळले न गेलेले नियम एकेक करून वाचावेत आणि कुणाची चूक हे न विचारता ते खोडावेत किंवा सोपे करावेत. खपाच्या आकड्यांवरून पुढच्या चौदा दिवसांची यादी करावी, कामांची नावे बदलावीत, गावाकडे आणि वरच्या मजल्यावर फोन करावा, आणि गोळ्यांचे डबे पुन्हा उघडून, हाताने मोजून, प्रत्येकाच्या पानावर नवे आकडे भरावेत.